मुलांनंतर पुन्हा नोकरी : रेझ्युमेत गॅपचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : एम.कॉम., भोसरी एमआयडीसीतल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत २०१२ ते जून २०१८ अकाउंट्स सांभाळले. पहिल्या बाळंतपणात नोकरी सोडली, मग दुसरं मूल, मग कोविड. आता धाकटी पहिलीत आहे. जवळजवळ आठ वर्षांच्या गॅपचं काय करू? 'गृहिणी' असं लिहू का? मुलांचा उल्लेख करू का? सोबत जुना रेझ्युमे जोडलेला आहे.

आधी त्या रेझ्युमेबद्दल, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. सुरुवात 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा' या छापाच्या वाक्याने. शेवटी नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद (वाचन, संगीत), आणि 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' म्हणून सही. रास आणि गोत्र तेवढं राहिलंय, नाहीतर लग्नाचा बायोडेटाच. मधे एक ओळ तुम्ही नव्याने घातली आहे : '२०१८ पासून आजपर्यंत कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे नोकरी करू शकले नाही, क्षमस्व.'

ती ओळ सगळ्यात आधी काढा. मी बावीस वर्षं पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव भागातल्या कंपन्यांसाठी अकाउंट्स, स्टोअर्स, परचेसची माणसं शोधते. स्वतः चार वर्षं घरी होते. परत आले तेव्हा माझ्याही रेझ्युमेत असंच एक रडकं वाक्य होतं. ते वाचून समोरचा साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही काही गुन्हा केलाय का?" मी हसले, पण नोकरी काही मिळाली नाही.

गॅपसाठी एकच ओळ पुरते : 'जुलै २०१८ – मार्च २०२६ : अपत्यसंगोपनासाठी करिअर ब्रेक.' बाकीच्या नोकऱ्या जशा तारखांसह लिहिता तशीच, त्याच ठिकाणी, त्याच अक्षरात. मुलं किती, कितव्या इयत्तेत, सांभाळायला कोण, यातलं काहीही नको. 'गृहिणी' हे पदनामासारखं लिहू नका. शब्द वाईट आहे म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही म्हणून. लिंक्डइनवर मार्च २०२२ पासून करिअर ब्रेकसाठी वेगळी नोंद करता येते, कारणासकट. तिथे हेच लिहा.

आता मुद्द्याचं. रेझ्युमे चाळणाऱ्याच्या मनात गॅप बघून दोन शंका येतात. एक, हिला आजचं काम येतं का? दोन, तीन महिन्यांत सोडून जाईल का? दुसरीचं उत्तर कागदावर देता येत नाही, ते मुलाखतीत द्यायचं. पहिलीचं मात्र कागदावरच द्यावं लागतं, आणि तुमच्या रेझ्युमेत ते कुठेच नाही. तुमचा कागद २०१८ मध्ये थांबलेला आहे. खरी अडचण ही आहे. आठ वर्षं घरी होतात, ही नाही.

आम्ही रेझ्युमे वाचतो कसे ते सांगते. नोकरीच्या पोर्टलवर एका अकाउंटंटच्या जागेसाठी शेकड्यांनी अर्ज पडतात. सगळे वाचणं शक्य नसतं, म्हणून शब्द टाकून शोधतो : टॅलीप्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), जीएसटीआर-२बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची महिन्याची यादी), टीडीएस रिटर्न (कापून भरलेल्या आयकराचं विवरण). ज्यांत हे सापडतात ते वर येतात. तुमच्या रेझ्युमेत 'टॅली ईआरपी ९, व्हॅट, एक्साइज' आहे, म्हणजे जुनं टॅली आणि जीएसटीच्या आधीचे कर. टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. म्हणजे तारीख न बघताही कळतं की ही बाई त्याआधी थांबली. आणि शोधात तर तुम्ही दिसतच नाही.

तुम्ही नसताना तुमच्या टेबलावर काय काय बदललं त्याची एकदा उजळणी करू. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना सुरू झालं, आणि ही मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. भोसरीतला बऱ्यापैकी चालणारा कुठलाही कारखाना त्यात येतो. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आता जीएसटीआर-२बीशी जुळवूनच घ्यावं लागतं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून जीएसटीच्या पोर्टलवर सप्लायरची बिलं स्वीकारणं-नाकारणंही आलं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक एंट्रीतल्या बदलाची आपोआप नोंद, सक्तीचा झाला. मागच्या तारखेची एंट्री गुपचूप बदलायचे दिवस गेले. तुमच्या जुन्या सिनियरना हे ऐकून वाईट वाटेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, हे २०२३-२४ पासून. एमआयडीसीत मार्चअखेरीला सगळ्यात मोठी धावपळ आता त्याचीच असते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले, मुख्य दर ५ आणि १८ उरले. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, म्हणजे टीडीएसची पाठ असलेली कलमं सगळ्यांनाच नव्याने पाठ करायची.

हे शेवटचं तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. नवा कायदा जुन्या अकाउंटंटलाही नवाच आहे. तुम्ही आणि गेली दहा वर्षं सलग खुर्चीत बसलेला माणूस, निदान या एका बाबतीत बरोबरीने सुरुवात करताय. दोन आठवडे बसून तेवढं पक्कं करा आणि रेझ्युमेत लिहा. वाचणारा थबकतो.

बाकीचं शिकायला महागडा कोर्स लागत नाही. टॅलीप्राइम शिकण्यासाठी एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालवता येतं. त्यात ठरावीक तारखांच्याच एंट्र्या होतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. प्रमाणपत्रांची माळ लावू नका. सहा ऑनलाइन सर्टिफिकेटं आणि एकही खरी एंट्री नाही, असे रेझ्युमे मी रोज बघते. एखाद्या ओळखीच्या दुकानाचं खरं रिटर्न महिन्याच्या महिन्याला भरून बघा, ते सहाच्या सहांपेक्षा भारी.

इथेच तुमच्या पत्रातली एक गोष्ट सांगते, जी तुम्ही ताजा कलम म्हणून टाकली आहे आणि रेझ्युमेत अजिबात नाही : तुम्ही तीन वर्षं सोसायटीच्या खजिनदार आहात, ८४ फ्लॅट, आणि भावाच्या हार्डवेअरच्या दुकानाचं जीएसटी तुम्हीच बघता. अहो, हे खाली कशाला लिहिलंत?

माझी एक कसोटी आहे. घरी असताना केलेलं जे काम कुठेतरी कागद सोडून गेलंय, ते रेझ्युमेत जातं. ज्याचा कागद नाही ते जात नाही. सोसायटीच्या ताळेबंदावर तुमची सही आहे, ऑडिटरने तो तपासलाय. दुकानाची रिटर्न्स जीएसटीच्या पोर्टलवर तारखेसकट आहेत. दोन्ही चालतील. म्हणून ब्रेकच्या ओळीखाली हे येईल (मूळ रेझ्युमे इंग्रजीतच करा, मी इथे मराठीत लिहिते) :

'मानद खजिनदार, ८४ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था, २०२३ पासून. मासिक देखभाल बिलं, थकबाकी वसुली, सिंकिंग फंडाचा हिशेब, वैधानिक लेखापरीक्षणासाठी ताळेबंद.'

'कौटुंबिक हार्डवेअर व्यवसाय, अर्धवेळ, २०२१ पासून. टॅलीप्राइममध्ये नोंदी, जीएसटीआर-१ आणि ३बी, २बीशी खरेदीची जुळवणी.'

शक्य असेल तर आकडा घाला. थकबाकी किती होती, किती राहिली. महिन्याला साधारण किती बिलं नोंदता. मात्र आकडा तोच, जो मुलाखतीत दोनदा विचारला तरी बदलणार नाही. 'कौटुंबिक व्यवसाय' हे लपवू नका आणि पदनाम फुगवूही नका. भावाच्या दुकानाची 'फायनान्स मॅनेजर' असल्याचं लिहिलेलं एकीचं मी बघितलंय. तिला खरंच सगळं येत होतं, पण त्या एका शब्दाने बाकीच्यावरचाही विश्वास उडाला.

आणि कृपा करून 'घरची सीएफओ', 'मल्टिटास्किंगमध्ये निपुण, दोन मुलांची आई' वगैरे लिहू नका. हल्ली असं लिहायचा सल्ला सगळीकडे मिळतो. घर चालवणं सोपं आहे असं माझं म्हणणं नाही, मी चालवलंय. पण अकाउंट्स मॅनेजर ते वाचून गालात हसतो आणि पुढच्या रेझ्युमेकडे जातो. मला ते हसू आवडत नाही, पण तुमच्या नोकरीच्या किमतीवर मला त्याला सुधारायचंही नाही. मुलांच्या शिकवण्या घेत असाल तर अकरावी-बारावीच्या अकाउंटन्सीच्या असतील तरच एक ओळ.

जुन्या नोकरीचा भाग उलट तुम्ही फारच कंजूषपणे लिहिलाय. 'दैनंदिन अकाउंटिंग, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी.' सहा वर्षांसाठी एवढंच? तुम्ही १ जुलै २०१७ ला एका उत्पादक कंपनीच्या अकाउंट्समध्ये बसलेल्या होतात. जीएसटी त्याच दिवशी सुरू झाला. एक्साइज आणि व्हॅटचं शिल्लक क्रेडिट जीएसटीत आणायचं, त्यासाठीचा ट्रान-१ फॉर्म भरायचा, पोर्टल बंद पडायचं, रात्री दहाला परत लॉगिन करायचं. ते ज्यांनी केलंय त्यांना कर बदलला की घाम फुटत नाही, आणि हे आम्हाला माहीत आहे. 'एक्साइज-व्हॅटमधून जीएसटीत स्थलांतर, ट्रान-१ क्रेडिटसह, स्वतः हाताळलं' ही ओळ जुन्या नोकरीत सगळ्यात वर हवी. अर्थात तुम्ही ते केलं असेल तरच.

क्रम असा ठेवा : वर नाव, फोन, ईमेल, राहण्याचा भाग. मग तीन ओळींचा सारांश. मग आज काय येतं त्याची छोटी यादी. मग अनुभव, ताजा आधी. शेवटी शिक्षण. कोणी म्हणेल, गॅप झाकायला तारखा काढून नुसती कौशल्यं लिहा. तारखा नसलेला रेझ्युमे दिसला की माझं पहिलं काम तारखा शोधणं असतं. त्यापेक्षा दाखवलेल्या बऱ्या. आणि जुनी नोकरी वर्ष-दीड वर्ष पुढे ओढण्याचा मोह कोणी घातला तर ऐकू नका. २०१४ पासून प्रत्येक पीएफ खातेदाराला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, आहे आणि कंपन्या पडताळणीत त्यावरच्या नोकरीच्या तारखा बघतात. ऑफर हातात येऊन परत गेल्याची उदाहरणं माझ्यासमोर घडलेली आहेत. उलट तुम्हीच आता पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघा, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना. बऱ्याचदा ती राहून जाते आणि नव्या ठिकाणी रुजू होताना अडतं.

नावाची भानगड आपल्याकडे खास आहे. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही. तुमची पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, पीएफ पुन्हा माहेरच्या. रेझ्युमेवर आज पॅनकार्डावर जे नाव आहे ते लिहा आणि शिक्षणाच्या भागात 'पदव्या माहेरच्या नावाने' एवढी ओळ. विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आताच शोधून ठेवा, रुजू होण्याच्या दिवशी शोधाशोध नको.

फोन. हसू नका, पण ही माझी कायमची डोकेदुखी आहे. रेझ्युमेवर नंबर नवऱ्याचा असतो. मी फोन करते, ते मीटिंगमध्ये असतात, 'संध्याकाळी सांगतो तिला' म्हणतात, आणि संध्याकाळपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाच्या मुलाखतीला गेलेली असते. नंबर तुमचा हवा. आणि ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय दिसतं ते एकदा तपासा. व्हॅनवाल्या काकांनी जतन केलेलं 'आर्या मम्मी' तिथे झळकत असतं, तुम्हाला पत्ताच नसतो.

मांडणीसाठी कॅनव्हावरची दोन रकान्यांची, रंगीत पट्ट्यांची टेम्प्लेटं नकोत. पोर्टलची यंत्रणा ती नीट वाचत नाही, कधी कधी अनुभव आणि पत्ता एकत्र कालवून टाकते. एक रकाना, साधी वर्ड फाइल, तीच पीडीएफ करून. फोटो नको, छंद नकोत, प्रतिज्ञा नको, अपेक्षित पगार नको. पत्ता पूर्ण नको पण भाग हवा : 'मोशी' दिसलं की चाकणचा एचआर मनातल्या मनात बसचा मार्ग बघतो. दीड पान पुरे.

एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी नोकरीत असलेल्यांकडे नाही. त्यांचा नोटिस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा असतो. तुम्ही सोमवारी येऊ शकता. सारांशाच्या शेवटी 'लगेच रुजू होऊ शकते' लिहा, पोर्टलवरही तशी नोंद करा. अकाउंट्सची खुर्ची रिकामी पडली की मॅनेजरला महिनाही काढवत नाही. मी कितीतरी जागा याच एका कारणाने भरल्यात. आणि पोर्टलवरचा प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडून काहीतरी ताजं करत जा, अलीकडे हललेले प्रोफाइल शोधात वर येतात.

पाठवायचा कुठे? मोठ्या कंपन्यांच्या परतणाऱ्या स्त्रियांसाठीच्या योजना आहेत. टाटा समूहाने २००८ मध्ये अशी पहिली मोठी योजना सुरू केली, नंतर आयटीवाल्यांनी केल्या. अर्ज जरूर करा, पण तुमच्या कामाच्या जागा त्यांत कमी असतात. मी तुमच्या जागी असते तर आधी सीए ऑफिसांचे दरवाजे ठोठावले असते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत रिटर्न्स आणि टॅक्स ऑडिटच्या धबडग्यात त्यांना माणसं पुरत नाहीत. पगार कमी मिळेल, तुमच्या जुन्या पगारापेक्षाही कमी, आणि तो अपमान नाही असं मी म्हणणार नाही. टोचतोच. पण तीन-चार महिन्यांनी रेझ्युमेची पहिली ओळ 'करिअर ब्रेक' राहत नाही, 'चालू नोकरी' होते. चार निरनिराळ्या कंपन्यांची पुस्तकं बघून होतात ती वेगळीच. मग एमआयडीसीत जा.

मुलाखतीत 'मुलं कोण बघणार?' हे विचारलं जाईल. विचारू नये, पण विचारतात, बायकाही विचारतात. उत्तर एका वाक्याचं : 'सोय झालेली आहे, वेळ मी पाळेन.' सासूबाईंच्या तब्येतीपर्यंत जाऊ नका. तुमच्या बाजूनेही एक प्रश्न विचारता येतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीने, जिने बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली तिनेच, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तुमची धाकटी आता मोठी आहे, पण उत्तर देताना एचआरचा चेहरा कसा होतो त्यावरून तिथलं वातावरण कळतं. (तुम्ही सोडलं तेव्हा ती २६ आठवड्यांची रजा लागू झालेली होती. मिळाली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.)

आपल्या भागात बऱ्याच जागा ओळखीतून, व्हॉट्सअ‍ॅपवर भरतात. रेझ्युमे नुसता फॉरवर्ड करू नका, वर चार ओळी लिहा : 'नमस्कार. उत्पादक कंपनीत सहा वर्षं अकाउंट्स, २०१८ पासून करिअर ब्रेक. सध्या एका व्यवसायाचं जीएसटी आणि सोसायटीचे हिशेब सांभाळते, टॅलीप्राइमवर. मोशीत राहते, लगेच रुजू होऊ शकते. रेझ्युमे जोडला आहे.' जुन्या कंपनीतल्या सिनियरनाही हेच पाठवा. आठ वर्षांनी कसं तोंड दाखवू, असं वाटेल. त्यांनी नोकरी बदललेली असेल आणि तिकडे त्यांना माणूस हवा असेल, असं दर पाच-सहा जणींत एकीच्या बाबतीत होताना मी बघते.

फक्त ७, ११ आणि २० तारखेला पाठवू नका. अनुक्रमे टीडीएस भरण्याच्या आणि जीएसटीआर-१ व ३बी ही जीएसटीची रिटर्न्स देण्याच्या त्या शेवटच्या तारखा. त्या दिवशी अकाउंट्स मॅनेजर घरच्यांचाही फोन उचलत नाही. २२ तारखेला सकाळी पाठवा.